जुन्या ट्यूबवरचे रविवार

भाऊबीजेच्या दुपारी माझा धाकटा भाऊ माझ्याकडून खेळात हरला, तेव्हा आम्ही दोघंही हसलो होतो. भावजय स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाली, "ओवाळणीमा जीत दिधी वाटस." त्यावर तोही हसला, पण हसता हसता हातातल्या गेमच्या रिमोटकडे बघत राहिला.

शहाद्यात त्याचं मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहत. मूलबाळ झालं नाही. मी नंदुरबारला शाळेत शिकवते; तापीवरच्या प्रकाशा गावच्या पुलावरून एसटीने जायचं, संध्याकाळी परत यायचं, असा माझा बऱ्याच रविवारांचा रिवाज. त्या दिवाळीत त्याने भिंतीवर मोठा पातळ टीव्ही लावला होता. जेवणं झाल्यावर त्याने माळ्यावरून एक खोका उतरवला. आत आमचा लहानपणचा व्हिडिओ गेम होता. प्लास्टिक पिवळं पडलेलं, वायरींचा गुंता, दोन रिमोट आणि चिकटपट्टीने सांधलेली एक कॅसेट.

"देख आक्का, आजूनबी चालस," तो म्हणाला. आणि खरंच चालला.

हा गेम वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणला होता. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि आम्ही पुरुषोत्तमनगरच्या वसाहतीत क्वार्टरमध्ये राहायचो. यात्रेत ते घोडे बघायला जात. घोडा घ्यायची ऐपत नव्हती, कारणही नव्हतं; पण बघायला आवडायचं. त्या वर्षी येताना त्यांनी आमच्यासाठी हा खोका आणला आणि आमचा टीव्ही आमच्या ताब्यात आला.

तो जुना डब्बा टीव्ही होता, पाठीला मोठं कुबड असलेला. गळीत हंगामात चिमणीची काजळी वसाहतभर उडायची, आणि घरातल्या इतर कशाहीपेक्षा ती टीव्हीच्या काचेवर जास्त बसायची. काच तिला ओढून घ्यायची. आई ओल्या फडक्याने पुसायला गेली की चटचट आवाज व्हायचा आणि ती दचकून हात मागे घ्यायची. व्होल्टेज कमी झालं की चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसायचं, आमचे मारामारी करणारे दोन पहिलवान जवळजवळ एकमेकांत घुसायचे. आम्ही तसंही खेळायचो.

मी त्याच्याहून बरीच मोठी, पण त्या खेळात मला त्याने कधी जिंकू दिलं नाही. माझी रीत म्हणजे सगळी बटणं बडवत सुटायचं. तो मात्र वाट बघायचा. माझ्या पहिलवानाचा हात उचलला जाताना दिसला की अगदी शेवटच्या क्षणी बटण दाबून ठोसा अडवायचा आणि मग सावकाश मला आडवं करायचा. वसाहतीतली पोरं त्याच्याशी खेळायला यायची आणि हरून जायची. शाळेत तो जेमतेम होता. मैदानावर तर कोणी त्याला संघात घेत नसे. पण त्या काचेसमोर मांडी घालून बसला की त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता यायची, ती मला आजही आठवते. पुढे ज्या हातांनी त्याने दुकान चालवलं, ते हात त्याला तिथेच सापडले असावेत.

म्हणून भाऊबीजेला तो हरला याचं मलाच नवल वाटलं. परत खेळलो. परत हरला. मग त्याने कारण शोधून काढलं.

"हाऊ टीव्ही मंद शे," तो म्हणाला. "बटन दाबं का हाऊ पह्यले इचार करस, मंग दाखाडस."

"नवा कोरा टीव्ही, आन् मंद?"

"तेच ना."

मग त्याने मला समजावून सांगितलं, जसं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. जुन्या डब्बा टीव्हीच्या ट्यूबमध्ये वायरीतून जे येतं ते त्याच क्षणी काचेवर उमटतं, मध्ये कोणी नाही. नवा टीव्ही आधी ते जुनं चित्र समजून घेतो, मोठं करतो, घासूनपुसून चकचकीत करतो आणि मग दाखवतो. पापणी लवायलाही लागणार नाही इतका तो वेळ. सिनेमा बघणाऱ्याला कळतही नाही. पण शेवटच्या क्षणाची वाट बघत बसणाऱ्याचा तेवढ्यात घात होतो. आता खेळणाऱ्यांसाठी वेगळे भारी मॉनिटर येतात, ते झपाट्याने दाखवतात, कॉलेजची पोरं त्याच्याकडून मागवूनही घेत. पण आमचा हा जुना गेम त्यांना थेट जोडताच येत नव्हता. मी नुसती बटणं बडवणारी, मला उशिराने काय फरक पडणार होता?

त्याचं म्हणणं खरंच होतं. मलाही नीट बघितल्यावर दिसलं, बोट आधी आणि पहिलवान नंतर. मला ते पटलं आणि मी निर्धास्त झाले.

हिवाळ्यात मी गेले की तो खेळायला बसवायचा, हरायचा आणि टीव्हीला नावं ठेवायचा. एकदा तो दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत असताना भावजय मला त्याच्याबद्दल हळूच म्हणाली, "त्यास्ना हातमाथून चिमटा पडस. बारीक स्क्रू धरता येत नहीत. मी सांगस, त्या ऐकतस नही."

मी त्याला विचारलं. तो म्हणाला, थंडी आहे, बोटं आखडतात, वयही झालं. वय म्हणजे चाळिशीसुद्धा पुरी झाली नव्हती. मग विषय फिरवून म्हणाला, "डब्बा टीव्ही ऱ्हाता तं तुले दाखाडतू."

एके काळी त्याच्याच दुकानात जुन्या मॉनिटरांची चळत होती. शाळा-ऑफिसांतून बदललेले, कुबडवाले. जागा अडते म्हणून ते सगळे केव्हाच भंगारात गेले होते. मी ठरवलं, आपण त्याला एक डब्बा टीव्ही शोधून द्यायचा. भावासाठी काहीतरी करता येण्यासारखं मला बऱ्याच वर्षांनी मिळालं होतं.

वाटलं त्यापेक्षा ते अवघड निघालं. नंदुरबारच्या भंगारवाल्यांकडे गेले तर त्यांनी मागच्या अंगणातला काचांचा ढीग दाखवला. डब्बा आला की ते आधी त्याची मान मोडतात, तांब्याची गुंडाळी काढून घेतात, काच फेकतात. एकजण म्हणाला, "मॅडम, लोक हमको ले जाव बोलते, आप लाव बोल रहे." शेवटी शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की तळोद्याला त्यांच्या सासूबाईंकडे एक आहे.

म्हातारीच्या घरात तो टीव्ही कोपऱ्यात टेबलावर होता, अंगावर विणलेला रुमाल आणि वर घडी केलेल्या गोधड्या. केबल बदलल्यापासून त्यावर काही लागत नव्हतं. मी कशासाठी हवा ते सांगितलं. तिला ते कितपत कळलं, माहीत नाही. ती गोधड्या उतरवत म्हणाली, "लई जा माय. बोलत नही तो आते. पन घरमा कोनी बठेल शे आसं वाटस."

मी म्हटलं, मग राहू द्या. ती म्हणाली, नको, घेऊन जा, भाऊ खेळेल. वर एक जुनी गोधडीही दिली, काच गुंडाळायला. अ‍ॅपे रिक्षात मी मागे बसून तो टीव्ही दोन्ही हातांनी धरून शहाद्याला आणला. सगळं वजन पुढच्या काचेत. खड्डा आला की तो माझ्या पोटावर रेलायचा. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मला फार छान वाटत होतं, हे सांगायला हवं.

दुकानाच्या दारात भाऊ आणि भावजय दोघं उचलायला आले. उचलताना त्याची बाजू खाली गेली. भावजयीने झटकन गुडघा लावला, नाहीतर टीव्ही पायरीवर गेला असता. भाऊ तळहात पँटला पुसत राहिला.

मग त्याने वायरी लावल्या आणि बटण दाबलं. काळ्या काचेत आधी मंद उजेड आला, मग हळूहळू चित्र वर आलं. "किर्र आवाज यी ऱ्हायना ना?" त्याने विचारलं. मला ऐकू येत नव्हता. लहानपणी तो बारीक आवाज शेजारच्या क्वार्टरमधूनही कळायचा, कोणाकडे टीव्ही सुरू आहे ते. माझे कान तेवढे राहिले नव्हते. मी काचेजवळ हात नेला. हातावरची लव उभी राहिली, तेवढी मात्र पूर्वीसारखीच.

चित्र लहान होतं, पण त्यातला काळा रंग खरा काळा होता. भिंतीवरच्या टीव्हीवर आमचे पहिलवान चौकटी-चौकटींचे, फाटक्या विटांसारखे दिसायचे. इथे ते भरीव दिसत होते. आम्ही जमिनीवर बसलो. मी बटणं बडवली, हात उचलला, आणि त्याने अडवला. शेवटच्या क्षणी, तसाच. मग मला आडवं केलं.

तो काही ओरडला नाही. भावजयीकडे वळून एवढंच म्हणाला, "देख. सांगं नव्हतं?"

त्या संध्याकाळी तिने शेवभाजी केली. जेवताना ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, तिला मी आनंद म्हणणार नाही. कोणीतरी छातीवरचं ओझं थोडा वेळ धरलं असावं तशी ती दिसत होती. तिलाही वाटलं होतं, चिमट्याचंही असंच काहीतरी साधं कारण निघेल. चष्मा. दिवा. थंडी.

काही रविवार असे गेले. तो जिंकायचा, क्वचित मी. दुकानात येणाऱ्या पोरांना तो बोलावून दाखवायचा; ती पोरं त्या कुबडाकडे बघून हसायची, हरली की गप्प व्हायची.

होळीच्या आसपास ते फिरलं. एका रविवारी मी ठोसा उचलला आणि त्याने अडवला नाही. दुसरा उचलला, तोही लागला. आधी वाटलं त्याचं लक्ष नाही. पण मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होते. पडद्यावर ठोसा लागून गेल्यावर त्याचा अंगठा बटणात रुतत होता. टीव्ही कुठेच मागे पडत नव्हता. अंगठा आणि तर्जनीमधली जी गुबगुबीत जागा असते, ती त्याच्या हातावर खोलगट झाली होती, जणू आतलं काहीतरी कोणी काढून घेतलंय.

पुढच्या डावात मी हात आवरता घेतला. हात उचलायचा आणि थोडं थांबायचं, त्याला वेळ मिळावा म्हणून. आई त्याला लहानपणी पत्त्यांत जिंकू द्यायची तसं. त्याने तो डाव जिंकला. रिमोट मांडीवर ठेवला.

"आक्का, तू थांबी ऱ्हायनी."

"नही रे."

"माले दिसस ना," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "ह्यामा बठ्ठं दिसस."

त्याने उठून टीव्ही बंद केला. चित्र मध्याकडे गोळा झालं, एक पांढरा ठिपका उरला आणि विझला. तो त्या काचेत बघत बसला. त्यात आम्ही दोघं वाकडेतिकडे दिसत होतो. मग म्हणाला, "सुरतले दाखाडी येऊत." भावजय इतके महिने म्हणत होती, त्या दिवशी तो स्वतःच म्हणाला.

सुरतेला आम्ही तिघं नंदुरबारहून रेल्वेने गेलो. डॉक्टरांनी हातापायांत सुया टोचून विजेच्या तपासण्या केल्या. जिभेकडे बघितलं, बॅटरी लावून, पुष्कळ वेळ. मग बाहेर बसायला सांगितलं. पुन्हा आत बोलावून त्यांनी मराठी-गुजराती-हिंदी मिसळून समजावलं की मेंदूतून आणि मणक्यातून स्नायूंना हुकूम पोहोचवणाऱ्या नसा झिजत चालल्यात. हुकूम निघतो, पण पोहोचत नाही. औषध आहे, ते फक्त थोडं लांबवतं. बरं करणारं नाही.

भावाने एकच विचारलं, "डोकं?"

"डोकं ठीक रहेगा," डॉक्टर म्हणाले. "समझ पूरी रहेगी."

हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं असणार.

परतीच्या गाडीत भावजयीने डबा उघडला, कोणी खाल्लं नाही, तिने तो बंद केला. नवापूर येईपर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मग तो दुकानाचं बोलायला लागला. कोणत्या गिऱ्हाइकाचा मोबाइल कोणत्या खणात आहे, कोणाला परत देऊन टाकायचा. भावजय "हां, हां" म्हणत होती आणि पदराने तोंड पुसत होती, जणू फक्त घाम आलाय.

त्यानंतरच्या रविवारी मी गेले तेव्हा म्हातारीची गोधडी त्या डब्ब्यावर टाकलेली होती. मला वाटलं, आता खेळ संपला. पण भाऊ म्हणाला, "खेयूत ना. तो भितडावरना लाव."

"तो मंद शे ना," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे मंद."

मी वायर काढून भिंतीवरच्या टीव्हीला लावली. मला ते लगेच उमगलं असं नाही. दोन-तीन डाव झाल्यावर उमगलं. तो हरायचा आणि म्हणायचा, "देख, कसा उशिरानी दाखाडस." मी म्हणायचे, "भंगार शे भाऊ हाऊ टीव्ही, काय इकत लिधा." भावजय आतून म्हणायची, "मी तव्हयच सांगं व्हतं." मी मध्येच थांबायचे, त्याला वेळ द्यायचे, आणि तो जिंकायचा. त्या आळशी पडद्यावर कोण थांबलं आणि कोणाला उशीर झाला, हे सांगताच येत नव्हतं. त्याला कळत नव्हतं असं मी मानत नाही. जुन्या काचेवर ज्याला सगळं दिसायचं, त्याला इथे दिसत नसेल? पण त्याने पुन्हा कधी मला हटकलं नाही, आणि आम्ही तिघं त्या बिचाऱ्या टीव्हीला शिव्या देत राहिलो. तो उन्हाळा आणि पावसाळ्याचा बराचसा भाग तसा गेला.

पुढे रिमोट त्याच्या हातात राहीना. भावजयीने तो पाटावर ठेवून पाट मांडीवर बांधून दिला. मग अंगठ्याऐवजी तो हाताचा तळवा ठेवायचा. मग एका रविवारी त्याने खेळायचं म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. शेवटचा डाव कोणता होता, हे कोणाच्याच लक्षात नाही.

दुकानात आता दुसरा माणूस मोबाइलची कव्हरं विकतो. मागच्या खोलीत खाट टाकायला जागा हवी होती म्हणून त्या माणसाने आणि भावजयीने डब्बा उचलून मागच्या पडवीत ठेवला. पावसाच्या झडीत तो भिजला. मी सुरू करून बघितला, तर काचेत उजेडच आला नाही. तळोद्याच्या म्हातारीला मी हे कळवलं नाही. भावाला सांगितलं, तर त्याने नुसत्या पापण्या मिटल्या. भिंतीवरचा टीव्ही सुरू असतो, बातम्या, मालिका, काहीही. आवाज भावजय हवा तसा ठेवते.

हात गेल्यावर पाय गेले, आणि या थंडीत जीभ जड झाली. आधी मला अर्धं कळायचं. आता जवळजवळ कळत नाही. मी त्याला बोलायला शिकवलं होतं, वसाहतीच्या ओट्यावर बसून. क चा च करायचा तो. ते सगळं मला कळायचं, आईलासुद्धा मीच सांगायचे तो काय म्हणतोय ते.

गेल्या रविवारी मी खाटेजवळ बसले होते. त्याने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. मी वाकून विचारलं, "काय भाऊ?" त्याने परत म्हटलं. लांबलेले, ओले स्वर, मध्ये काहीच नाही. मी अंदाज केले. पाणी? पंखा? उशी? प्रत्येक वेळी त्याने डोळ्यांनी नाही म्हटलं. तिसऱ्यांदा बोलताना त्याला दम लागला आणि मी म्हटलं, राहू दे, नको बोलू.

भावजय स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिथूनच, न वळता, ती म्हणाली, "त्या इचारी ऱ्हायनात, प्रकाशाना पूलवर गर्दी व्हती का?"

मी भावाकडे बघितलं. त्याने हो म्हणून डोळे मिटले.

"हां, व्हती," मी म्हटलं. "ऊसना ट्रॅक्टर शेतस ना आते. गाडी खूप येळ थांबेल व्हती."

त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. मी त्याला मग पुलाचं सगळंच सांगितलं. पाणी किती आहे, देवळाजवळ किती गाड्या उभ्या होत्या, कंडक्टर कोणाशी भांडला. सांगता सांगता त्याला झोप लागली. भावजयीने भाकरी झाकून ठेवली, हात धुतले आणि त्याच्या ओठांच्या कडेला आलेली लाळ पुसली. मग तिने मला विचारलं, "पाचनी गाडी का सहानी?"

"पाचनी," मी म्हटलं, आणि चपला घालायला उठले.